दोन जास्तीचे कागद: सांघिक प्रोग्रॅमिंग स्पर्धेतलं एक प्रकरण

पुढचं प्रकरण काल्पनिक आहे. त्यातलं महाविद्यालय, संघ, माणसं खरी नाहीत. स्पर्धेची पद्धत, मूळ नियम आणि तपासाची साधनं मात्र खरी आहेत. स्पर्धा भरवणारे प्राध्यापक, जज म्हणून येणारे माजी विद्यार्थी आणि संघांचे कोच यांच्या बैठकीत चर्चेला घ्यावं, अशा बेताने ते रचलं आहे.

स्पर्धा आणि तिचे नियम

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा भरवली. नमुना अर्थातच आयसीपीसीचा, म्हणजे इंटरनॅशनल कॉलेजिएट प्रोग्रॅमिंग कॉन्टेस्टचा. १९७० साली टेक्सस ए अँड एम विद्यापीठात सुरू झालेली ही स्पर्धा आज विद्यार्थ्यांच्या सांघिक प्रोग्रॅमिंगमधली सर्वांत मानाची मानली जाते. अमृतपुरी, कानपूर अशा केंद्रांवर प्रादेशिक फेरीला बसायचं तर हॉलमध्ये बसून खेळायची सवय हवी. घरी तिघांनी तीन लॅपटॉप घेऊन केलेला सराव तिथे फारसा कामाला येत नाही.

कारण संघात तीन जण असतात आणि कॉम्प्युटर एकच मिळतो. वेळ पाच तास. किती उदाहरणं सुटली त्यावर क्रम लागतो. तिथे बरोबरी झाली तर पेनल्टी बघतात. स्पर्धा सुरू झाल्यापासून उदाहरण सुटेपर्यंत गेलेली मिनिटं, अधिक त्याआधीच्या प्रत्येक चुकलेल्या सबमिशनची (तपासायला पाठवलेल्या उत्तराची) २० मिनिटं, ही त्या उदाहरणाची पेनल्टी. न सुटलेल्या उदाहरणावरचे चुकलेले प्रयत्न मोजले जात नाहीत. शेवटच्या तासात गुणफलक गोठवतात, म्हणजे कोण कुठे आहे ते निकालापर्यंत कळत नाही. या हॉलमध्ये इंटरनेट बंद होतं, मोबाइल दारातच जमा केले होते आणि तपासणीसाठी डोमजज हे सॉफ्टवेअर लावलं होतं. प्रत्येक संघाला २५ पानांची छापील टिपणवही आणायची मुभा होती, तीही आयसीपीसीच्याच धर्तीवर.

आणखी एक सोय होती, जिच्याकडे नियम लिहिताना कुणाचंच लक्ष गेलं नाही: प्रिंट. ज्यांनी ही स्पर्धा खेळलेली नाही त्यांना कागदावर कोड छापून घेण्याची कल्पना जुनाट वाटते. पण कीबोर्ड एकच असला की स्क्रीनकडे टक लावून चूक शोधत बसणं ही चैन असते. म्हणून सबमिशन चुकलं की मुलं कोड प्रिंटला पाठवतात, खुर्ची सोडतात आणि पेन्सिल घेऊन टेबलाच्या कडेला बसतात. तोवर दुसरा पुढचं उदाहरण टाइप करायला घेतो. व्हॉलंटियर प्रिंटरवरून कागद उचलून टेबलावर नेऊन देतात. या स्पर्धेत प्रत्येक पानाच्या वर संघाचा क्रमांक आणि वेळ छापून येत होती.

नियमांचं पान बरंचसं आयसीपीसीवरून घेतलेलं होतं. आपल्या संघातले साथीदार आणि आयोजकांनी नेमलेली माणसं यांच्याखेरीज कुणाशीही बोलायचं नाही. उदाहरणाच्या मजकुरात संदिग्धता वाटली तर लेखी खुलासा मागायचा. जजांना ती मान्य झाली तर खुलासा सगळ्या संघांना मिळेल. स्पर्धेला धोका पोहोचेल असं काही केल्यास संघ बाद होऊ शकतो. (या शेवटच्या नियमाला आयसीपीसीने जी उदाहरणं दिली आहेत, त्यांत एक्स्टेन्शन कॉर्ड उपटण्याचाही समावेश आहे. नियम लिहिणाऱ्याने कधीतरी अख्खी रांग काळीठिक्कर पडलेली पाहिली असणार, असा माझा अंदाज.) शिवाय आयोजकांनी आपला एक नियम घातला होता, नववा: ‘दुसऱ्या संघाचा कोड वापरणारा संघ बाद ठरेल.’ प्रिंटबद्दल त्या पानावर एक ओळही नव्हती.

त्या दिवशी काय झालं

उदाहरणं नऊ होती. आपल्याला त्यातल्या फक्त ‘एच’ नावाच्या उदाहरणाशी कर्तव्य आहे. दोन लाखांपर्यंत गाठी असलेलं एक झाड (फांद्यांनी जोडलेल्या बिंदूंची, कुठेही वेटोळं नसलेली आकृती), प्रत्येक गाठीला रंग. वेगळ्या रंगाच्या सर्व जोड्यांमधल्या अंतरांची बेरीज काढायची. फारच अवघड नाही, पण मधल्या फळीतल्या संघांचा घाम काढेल असं.

संघ ख ने १७१व्या मिनिटाला एचचं उत्तर पाठवलं. राँग आन्सर. १७४व्या मिनिटाला त्यांनी कोड प्रिंटला टाकला, दोन पानं. त्यानंतर दोनच मिनिटांनी संघ क ने स्वतःच्या वेगळ्याच एका उदाहरणाचा कोड प्रिंटला टाकला, तीन पानं. व्हॉलंटियरने प्रिंटरमधून गठ्ठा उचलला आणि १८२व्या मिनिटाच्या आसपास पाचही पानं क च्या टेबलावर ठेवली.

ख वाट बघत राहिला. १८९व्या मिनिटाला त्यांनी हात वर केला आणि ‘प्रिंट आलं नाही’ म्हणून सांगितलं. व्हॉलंटियरने माफी मागून पुन्हा प्रिंट काढायला लावलं, १९३व्या मिनिटाला कागद हातात ठेवला. काम तत्परतेने झालं. पहिले कागद गेले कुठे, हे मात्र कुणी विचारलं नाही. या प्रकरणातली आयोजकांची खरी चूक मला इथे दिसते. गठ्ठा चुकीच्या टेबलावर जाणं हा गर्दीतला घोटाळा झाला. हरवलेल्या कोडचा शोधच न घेणं हा कामातला ढिसाळपणा आहे.

ख ला कागदावर चूक सापडली. एका फांदीने झाडाचे दोन भाग पडतात, त्यांच्या आकारांचा गुणाकार करायचा होता. आकार एक लाख आणि एक लाख असले तर गुणाकार हजार कोटी होतो आणि साध्या इंटमध्ये (पूर्णांक ठेवायच्या नेहमीच्या प्रकारात) साधारण २१४ कोटींच्या पुढची संख्या मावत नाही. तिथे लाँग लाँग हा मोठ्या संख्यांचा प्रकार लिहून २११व्या मिनिटाला त्यांचं एच सुटलं. पेनल्टी २३१.

क ने तोवर एचला हातही लावला नव्हता. २३६व्या मिनिटाला त्यांचं पहिलं सबमिशन आलं: राँग आन्सर. २४० ला फलक गोठला. २५१ ला त्यांचं एच सुटलं आणि २८९ ला आणखी एक उदाहरण. फलक उघडला तेव्हा क सात उदाहरणांसह दुसरा होता. संघ ग सहा उदाहरणं आणि ८४२ पेनल्टीसह तिसरा, ख तितकीच उदाहरणं आणि ८५१ पेनल्टीसह चौथा. टाळ्या झाल्या, करंडक वाटले गेले, फोटो निघाले.

संशय आणि पुरावा

रात्री जजांपैकी एकाने सगळी सबमिशन्स मॉसमधून काढली. मॉस म्हणजे स्टॅनफर्डचं, १९९४ पासून वापरात असलेलं, दोन प्रोग्रॅममधलं साम्य शोधणारं साधन. व्हेरिएबलची नावं बदलली, ओळी मागेपुढे केल्या तरी ते सहसा फसत नाही. आपल्याकडे त्याचा निकाल न्यायालयाच्या निवाड्यासारखा वाचायची वाईट सवय लागली आहे. अमुक टक्के साम्य, काढा बाहेर! मॉस फक्त कुठे बघायचं ते दाखवतं. बघायचं माणसानेच, हे ते साधन पुरवणारेच सांगतात.

या स्पर्धेतही सर्वांत जास्त साम्य एचमध्ये नव्हतंच. सेगमेंट ट्री ही ठरीव रचना लागणाऱ्या दुसऱ्या एका उदाहरणात कितीतरी जोड्या झळकल्या. कारण साधं होतं: अनेक संघांच्या टिपणवह्या स्वीडनच्या केटीएच विद्यापीठातल्या मुलांनी तयार केलेल्या केएसीटीएल या प्रसिद्ध संग्रहावरून छापलेल्या होत्या. वहीतून उतरवलेला कोड सारखाच दिसणार आणि वही तर नियमात बसणारी. सर्वांना ठाऊक असलेला असा कोड मॉसला आधी देऊन वगळता येतो. जजने ते केलं आणि मग उरलं एच: क आणि ख.

इथून पुढचा तपास मला या प्रकरणातला सर्वांत वाचनीय भाग वाटतो. दोघांची पहिली चूक एकच होती, इंट आणि लाँग लाँगची. पण तो पुरावा नव्हे. ही चूक अर्धा वर्ग करतो. पुरावा दुसरीकडे होता. ख ने झाडाचं मूळ म्हणून पहिली गाठ न घेता मधल्या क्रमांकाची गाठ घेतली होती. त्याने काहीही फायदा होत नाही. गाठींचे क्रमांक कसेही दिलेले असू शकतात. ‘रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणं) खोल जाणार नाही’ असा त्यांच्यातल्या एकाचा भाबडा समज होता. क च्या कोडमध्येही तीच गाठ. ख ने चूक शोधायला गाठ किती खोल आहे ते छापणारं एक फंक्शन लिहून तसंच सोडलं होतं, कुठूनही न बोलावलेलं. क च्या कोडमध्ये तेही होतं, नाव बदलून.

मग कुणी कुणाचं घेतलं? ख ने २११ ला पाठवलेल्या कोडमध्ये ते फालतू फंक्शन नव्हतं. चूक सुधारताना त्यांनी ते पुसलं होतं. क च्या दोन्ही सबमिशन्समध्ये मात्र ते होतं. म्हणजे क कडे ख चा अंतिम कोड नव्हता, १७४व्या मिनिटाचा, चुकलेला कोड होता. तो कोड जजांच्या सर्व्हरवर होता, ख च्या मशीनवर होता आणि कागदावर होता. प्रिंटची नोंदवही काढली तेव्हा एकाच फाइलच्या दोन प्रती दिसल्या, १७४ आणि १८९. व्हॉलंटियर मुलीला विचारलं तेव्हा तिला क च्या टेबलावर जाड गठ्ठा ठेवल्याचं आठवलं.

सध्या स्पर्धांमध्ये नियमांची सगळी चर्चा एआयभोवती फिरते आणि ते बरोबरच आहे. कोडफोर्सेस या ऑनलाइन स्पर्धांच्या संकेतस्थळाने २०२४ मध्ये त्याविरुद्ध नियम केला. सप्टेंबर २०२५ मध्ये बाकूला झालेल्या आयसीपीसीच्या जागतिक अंतिम फेरीत पहिल्या आलेल्या सेंट पीटर्सबर्ग राज्य विद्यापीठाच्या संघाने १२ पैकी ११ उदाहरणं सोडवली, तर त्याच उदाहरणांवर ओपनएआयच्या यंत्रणेने बाराही सोडवल्याचं जाहीर झालं. पण या हॉलमध्ये नेट बंद होतं, फोन बाहेर होते आणि कोड फिरला तो ए-फोरच्या दोन पानांवरून.

सुनावणी

दुसऱ्या दिवशी क च्या तिघांना कोचसह बोलावलं. आधी फक्त प्रश्न: मूळ म्हणून ही गाठ का घेतली? कोड टाइप करणाऱ्याने थोडा वेळ काढला, मग म्हणाला, “सर, असंच.” कागदांबद्दल विचारल्यावर मात्र लपवाछपवी झाली नाही. पहिल्याने सांगितलं, गठ्ठ्यात दोन पानं जास्त दिसली, वरचा क्रमांक आपला नाही हेही दिसलं. “परत द्यायचंच होतं सर, पण तेव्हा आमचं दुसरं गणित अडकलं होतं. नंतर एच उघडलं तर लक्षात आलं की हे त्याचंच आहे.” दुसऱ्याने त्यावरून टाइप केलं. चूक दोघांनी मिळून शोधली, तीही स्वतःच्या डोक्याने. हे सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता. तिसरी मुलगी तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वेगळंच उदाहरण कागदावर सोडवत होती. तिला हे सगळं सुनावणीच्या खोलीतच पहिल्यांदा कळत होतं आणि तिच्या साथीदारांनीही तेच सांगितलं.

कोच सरांनी बाजू चांगली मांडली. “कागद मुलांनी मागितला नव्हता, उठून आणला नव्हता. तुमच्या माणसाने आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. परीक्षेत पर्यवेक्षकानेच दुसऱ्याची उत्तरपत्रिका बाकावर ठेवली तर पोराला नापास करणार का? आणि तुमच्या नियमात प्रिंटचा उल्लेख तरी आहे का?”

समितीत तीन मतं पडली. आयोजक प्राध्यापिकेचं म्हणणं, चूक आपली आहे, निकाल तसाच ठेवावा आणि ख ची माफी मागावी. तरुण जजचं म्हणणं, फक्त एच रद्द करावं. बाकीची उदाहरणं त्यांनी स्वतः सोडवली आहेत. मुख्य जजचं म्हणणं, नववा नियम स्पष्ट आहे, संघ बाद.

पहिल्या मताबद्दल मला आदर आहे, कारण स्वतःची चूक आधी बघणारे आयोजक क्वचित भेटतात. पण आयोजकांच्या चुकीने एवढंच कळतं की कागद टेबलावर कसा आला. १८२ ते २३६ या ५४ मिनिटांत हात वर का झाला नाही, याचं उत्तर त्यात नाही. पहिल्या पाच मिनिटांत हात वर झाला असता तर क ला कुणी बोट लावलं नसतं, उलट कौतुक झालं असतं. कोच सरांच्या परीक्षेच्या उदाहरणालाही हेच उत्तर आहे: उत्तरपत्रिका बाकावर आली म्हणून कुणी नापास करत नाही, ती उघडून उतरवून काढली तर करतात.

दुसरं मत वरवर सर्वांत न्याय्य दिसतं आणि तेच मला सर्वांत चुकीचं वाटतं. चोरलेलं तेवढं काढून घ्या, हा हिशेब वैयक्तिक परीक्षेत ठीक आहे. इथे कीबोर्ड एक आहे. एच स्वतः उभं करायला क ला मशीनवर जो वेळ लागला असता तो वाचला आणि वाचलेल्या वेळात दुसरं काहीतरी टाइप झालं. २८९व्या मिनिटाला सुटलेलं उदाहरण त्या वाचलेल्या वेळेशिवाय सुटलं असतं का? कुणीच सांगू शकत नाही. सांघिक स्पर्धेत एका उदाहरणाचा फायदा त्या उदाहरणापुरता राहत नाही. तो मशीनच्या वेळेतून सगळ्या उदाहरणांत झिरपतो. म्हणून तो मोजून वजा करता येत नाही.

तिसऱ्या मुलीचंही तेच. तिचा दोष शून्य आहे. तरीही तिच्या उदाहरणांना मशीन मिळालं ते इतर दोघांच्या वाचलेल्या वेळेमुळेच, तिच्या नकळत. फायद्याचे तीन वाटे पाडता येत नाहीत, दोषाचे मात्र पाडता येतात. म्हणून क्रमवारीतून संघ जातो, तिघांसह. पण त्यापलीकडची कोणतीही कारवाई माणसागणिक ठरायला हवी.

निर्णय आणि ख ची मिनिटं

समितीने शेवटी क ला क्रमवारीतून काढलं. सहभागाचं प्रमाणपत्र तिघांनाही दिलं. दोन मुलांच्या महाविद्यालयाला पत्र पाठवायचं की नाही यावर बराच वेळ वाद झाला. न पाठवायचं ठरलं, कारण मुलांनी विचारताच खरं सांगितलं होतं आणि कागद आणून देणारे हात आयोजकांचेच होते. मुलीच्या बाबतीत निर्णयपत्रात वेगळी ओळ घातली: तिला या प्रकाराची माहिती नव्हती. ही ओळ अनेकांना अनावश्यक वाटेल. पण कॅम्पस प्लेसमेंटच्या रांगेत ‘तो बाद झालेला संघ’ एवढंच लोकांच्या लक्षात राहतं, आणि तिच्याकडे दाखवायला काहीतरी कागद हवा.

त्याहून अवघड गुंता ख चा निघाला. क गेल्यावर ग दुसरा झाला आणि ख तिसरा. तेव्हा ग च्या कोचने कुरकुर केली की ख नेच कोड दिला नसेल कशावरून. इथे १७४व्या मिनिटाच्या फाइलचा पुरावा कामी आला. जाणूनबुजून कोड देणारा संघ अंतिम, चालणारा कोड देईल. चुकलेला देऊन स्वतः पुन्हा प्रिंट मागणार नाही. समितीने ख निर्दोष असल्याचं सर्व संघांना लेखी कळवलं. हे आवश्यकच होतं. साम्य सापडलं की दोन्ही नावं एकत्र फिरतात आणि नंतर कोण चोर, कोण धनी हे कुणी लक्षात ठेवत नाही.

मग ख च्या मुलांनी एक आकडेमोड पुढे केली. पहिलं प्रिंट साधारण १८० ला मिळायला हवं होतं, मिळालं १९३ ला. तेरा मिनिटं गेली. ती दिली तर त्यांची पेनल्टी ८५१ ऐवजी ८३८ होते आणि ग ची आहे ८४२. म्हणजे दुसरा क्रमांक त्यांचा!

आकडेमोड बिनचूक आहे. तरी समितीने ती मानली नाही, आणि मीही मानली नसती. त्या तेरा मिनिटांत ख चं मशीन रिकामं नव्हतं, दुसऱ्या उदाहरणाचं काम चालू होतं. प्रिंट लवकर आलं असतं तर चूक शोधणारा लवकर मशीन मागायला आला असता आणि ते दुसरं उदाहरण थांबलं असतं. क चा फायदा जसा एका उदाहरणातून उचकटून काढता येत नाही, तसंच ख चं नुकसानही काढता येत नाही. अडचण आली तर स्पर्धा संचालकाला वेळ वाढवता येते, पण स्पर्धा चालू असताना आणि सर्वांसाठी. निकालानंतर एका संघाच्या मिनिटांत हात घालायची मोकळीक मी कुठल्याही समितीला देणार नाही. आयोजक प्राध्यापिकेचं मत शेवटपर्यंत वेगळं राहिलं: दुसरा क्रमांक ग आणि ख ला विभागून द्यावा. ते तिने इतिवृत्तात नोंदवलं. चूक आपली आणि किंमत ख ने मोजली, हे तिचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही.

क च्या कोचने करंडक स्वतः आणून दिला.

पुढच्या वर्षीचं नियमपत्रक

तीन बदल झाले, त्यांतला एक वादग्रस्त. समारंभात जाहीर होणारा निकाल आता ‘तात्पुरता’ म्हणून जाहीर होतो आणि साम्यतपासणी संपल्यावर, ४८ तासांत, अंतिम होतो. प्रिंट आता टेबलावर ठेवत नाहीत. व्हॉलंटियर पानावरचा क्रमांक मोठ्याने वाचतो, संघातला एक जण तो बघून सही करतो आणि पुन्हा प्रिंट मागितलं गेलं तर मुख्य जजला कळवून पहिली प्रत सापडेपर्यंत तिचा शोध घ्यावा लागतो.

वादग्रस्त आहे तो नववा नियम. तो आता असा वाचला जातो: ‘दुसऱ्या संघाचा कोड, कागद वा फाइल कोणत्याही मार्गाने, आयोजकांच्या चुकीने का होईना, आपल्याकडे आल्यास संघाने ते लक्षात येताच हात वर करून परत द्यावं. तसं करणाऱ्या संघावर कोणतीही कारवाई होणार नाही. न करणारा संघ, ते साहित्य वापरलं नसलं तरी, क्रमवारीतून वगळला जाऊ शकतो.’ तरुण जजचा शेवटच्या वाक्याला विरोध आहे. घाईत न वाचलेला एखादा कागद गठ्ठ्यात राहून गेला म्हणून निष्पाप संघ अडकेल, असं तो म्हणतो. ‘शकतो’ या क्रियापदात तेवढी सवड ठेवली आहे, असं मुख्य जजचं उत्तर. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा मुद्दा पुन्हा घेतला आहे.